अकरा वेळा आमदार, बहुतेक काळ विरोधात

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे गणपतराव उर्फ आबासाहेब देशमुख जुलै 2021 मध्ये गेले, तेव्हा जवळपास प्रत्येक श्रद्धांजलीत एसटी होती. आबासाहेब लाल डब्यातून फिरायचे, साधे राहायचे, वगैरे. सगळं खरं. पण साधेपणाचं कौतुक सोयीचं असतं. ते उरकलं की या माणसाने विधानसभेत बसून नेमकं काय केलं, हे विचारायची गरज उरत नाही.

1962 मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी पाडलं. हे दोन अपवाद सोडले तर 2019 पर्यंत सांगोल्याने दुसरा आमदार पाहिला नाही. अकरा वेळा, एकच मतदारसंघ, एकच पक्ष. आणि पक्ष कोणता, तर शेतकरी कामगार पक्ष (शेकाप)! राज्यात ज्याची सत्ता स्वबळावर कधी आली नाही आणि येईल असं त्याच्या कार्यकर्त्यांनाही वाटलं नाही.

मंत्रिपद मिळालं ते दोनदा. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या. दोन्ही वेळा थोड्या काळासाठी. बाकी सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. आज पक्ष बदलणारा आमदार हमखास एकच कारण सांगतो: मतदारसंघाच्या विकासासाठी सत्तेसोबत जावं लागलं. गणपतरावांची पन्नासहून अधिक वर्षं या कारणाला पुरून उरतात.

विरोधी आमदाराच्या हाती असतं तरी काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. ऐकायला रुक्ष. पण एखादा प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातला कक्ष अधिकारी सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला फोन लावतो, तिथून तहसीलदाराकडे विचारणा जाते, आणि वर्षभर धूळ खात पडलेली फाईल दोन दिवसांत टेबलावर येते. कारण उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यायचं असतं आणि उपप्रश्न कुठून येईल याचा नेम नसतो. समोर दुष्काळ, रोजगार हमी आणि पाणीवाटप तोंडपाठ असलेला माणूस बसलेला असेल, तर गोलमाल उत्तर महागात पडतं. ही धास्ती हीच त्या आमदाराची खरी ताकद. ती आमदार निधीतून विकत मिळत नाही.

सांगोला माणदेशातला, कायम पर्जन्यछायेतला तालुका. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत गणपतराव आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये उभे राहिले. तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही, तरी त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली. राज्यात अनेक सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या. सांगोल्याची चांगल्या कारभाराचं उदाहरण म्हणून सांगितली गेली.

अर्थात आरतीच ओवाळायची असेल तर इथे थांबता येईल. पण एका माणसाभोवती इतकी वर्षं फिरलेल्या राजकारणाची किंमतही असते. 2019 मध्ये नव्वदी ओलांडलेल्या आबासाहेबांनी निवडणूक न लढवण्याचं ठरवलं, तेव्हा पक्षाने आधी घराबाहेरचा उमेदवार दिला होता. कार्यकर्त्यांनीच गोंधळ घातला आणि अखेर उमेदवारी नातू अनिकेत यांच्याकडे गेली. ते 768 मतांनी हरले. जिंकले पुन्हा शहाजीबापूच, या वेळी शिवसेनेकडून. तेच बापू, ज्यांची शिवसेनेतल्या बंडावेळची, गुवाहाटीतली झाडी-डोंगर-हाटिलाची फोनवरची तारीफ 2022 मध्ये घराघरांत पोचली. घराणेशाहीविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या डाव्या पक्षाला, पन्नासहून अधिक वर्षं राखलेल्या तालुक्यात, आडनावाशिवाय माणूस सापडू नये, हे त्या कारकिर्दीचं अपयशच म्हणावं लागेल. त्याबद्दल श्रद्धांजलीत कुणी लिहिलं नाही.

पण वारसा फक्त घरातच शोधायचा नसतो, सभागृहातही शोधायला हवा. 1977 मध्ये गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. शेकापसारख्या पक्षाचा माणूस त्या खुर्चीवर बसू शकत होता. 2024 च्या निवडणुकीत 288 पैकी 29 जागा, म्हणजे सभागृहाचा दहावा हिस्सा, एकाही विरोधी पक्षाला गाठता आला नाही. आणि त्या आकड्याकडे बोट दाखवत ती खुर्ची निवडणुकीनंतर रिकामीच राहिली. त्याच निवडणुकीत सांगोल्यातून शेकापच्या तिकिटावर गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. समोर हरले ते शहाजीबापू. नव्या आमदारांनी तालुक्यात किती कामांचे नारळ फोडले याचा हिशेब फ्लेक्सवर आपोआप लागेल. त्यांनी किती तारांकित प्रश्न लावले आणि किती मंत्र्यांना उपप्रश्नावर अडवलं, हे मात्र सांगोलेकरांनी स्वतः विचारायला हवं.