आधी पाण्याचा वार ठरवा

पांझरेच्या खोऱ्यात पावसाच्या दोन-चार सरी पडल्या, की पिंपळनेरमध्ये धूरफवारणीची मागणी सुरू होते. यंत्र गल्लीतून गेले की काहीतरी झाल्याचे समाधान मिळते. पण तो धूर उडता डासच मारतो. मोरीतल्या रांजणातल्या अळीपर्यंत तो पोचत नाही, आणि डेंग्यू-चिकुनगुनियाचा एडिस डास जन्मतो तो नेमका तिथेच. त्याला गटार लागत नाही. आपण जपून भरून ठेवलेले स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा.

कोरडा दिवस म्हणजे पाणी ओतून देणे एवढेच नव्हे. एडिसची मादी पाण्याच्या रेषेजवळ, भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणून पिंप, हौद, कुलरची टाकी आतून काथ्याने घासलीच पाहिजे. खान्देशात कुलर जूनअखेरपर्यंत चालतो, मग तळाशी पाणी ठेवूनच गच्चीवर जातो. फ्रिजमागचा ट्रे, छपरावरचे टायर आणि फुटके डबे तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

आरोग्य खात्याच्या सूचना इथे थांबतात. आमचे म्हणणे इथून सुरू होते. नळाला पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नसेल, तर कोणती बाई भरलेले पिंप रिकामे करील? तिला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. हंडाभर पाण्यासाठी ताटकळलेल्या बाईला ते ओतून दे म्हणायचे, तर उद्या नळ येईल ही हमी आधी द्यावी लागते.

हा आजार शहरांचा, हा समज केव्हाच खोटा ठरला आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1973 मध्येच चिकुनगुनियाची साथ आली होती. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसर या गावात. झिकाही एडिसच पसरवतो.

सांडपाण्यावर वाढणाऱ्या क्युलेक्स डासाचा उपाय वेगळा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारेच संपवली आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणे तर दहा मिनिटांचे काम आहे.

पिंपळनेरच्या कारभाऱ्यांनी प्रत्येक गल्लीच्या पाण्याचा वार आणि वेळ फळ्यावर लिहावी आणि ती पाळावी. त्याच्या आदल्या दिवशी त्या गल्लीचा कोरडा दिवस ठेवावा. रिकामे करता येत नाहीत अशा हौदांत गप्पी मासे सोडावेत. आशाताई दारात आल्या की घरच्यांनी त्यांच्यासोबत टॉर्च घेऊन रांजणात डोकवावे. फवारणीच्या खर्चाचा हिशेब मांडताना पाणी किती वेळा ठरल्या वारी आले, हेही सभेपुढे यायला हवे.