गादीवाले काका

डोंगरात हिंडणाऱ्या आमच्या गटात मला ‘गादीवाले काका’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार लागलं. त्यातलं ‘काका’ लागलं. पण चाळिशी उलटली की हा शब्द भाजीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळीकडून यायला लागतो, त्याला इलाज नाही. ‘गादीवाले’ ही मात्र जे शिवी म्हणून वापरतात त्यांच्याशी माझं भांडण आहे, आणि ते मी आज चारचौघांत करणार आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पाठीवरच्या सॅकचं वजन कमी करायचं असेल तर खुशाल करा. टॉवेल अर्धा करा, शर्टाची बटणं काढा, चिवडा कमी न्या. पण अंथरुणातून वजन कमी करू नका. पाठीवरचा पाव किलो वाचवायला जाल तर पाठीखाली त्याची चक्रवाढ व्याजासह वसुली होते. हे मी बँकेचा माणूस म्हणून सांगतो.

आता हे सगळं मला कसं कळलं ते ऐका. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी सुरू झाली. शाखेतल्या शहाण्या मंडळींनी त्या शनिवारी माळे आवरले, पंखे पुसले. मी आणि आमचे हेड कॅशियर (आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो, तो वयानं तीन वर्षं मोठा) अशा दोघांनी मात्र ट्रेकला जाणाऱ्या तरुण पोरांच्या एका गटात नावं घातली. पहिलाच मुक्कामी ट्रेक निघाला तो हरिश्चंद्रगडाचा, तोही डिसेंबरात. खुबी फाट्याला उतरलो, खिरेश्वरहून तोलार खिंड चढलो, कातळावरच्या रेलिंगला देवासारखं धरलं, कोकणकड्यावर सूर्यास्त पाहिला. इथपर्यंत दोघंही वीस वर्षांचे होतो. मग रात्र झाली.

मुक्काम देवळाजवळच्या गुहेत. अंथरायला दोघांकडे एकेक कॅरीमॅट. हे मुळात कॅरिमोर नावाच्या इंग्लिश कंपनीच्या चटईचं नाव, पण आपल्याकडे जसं सगळंच वनस्पती तूप डालडा, तशी सगळीच फोमची चटई कॅरीमॅट. आमच्या चटया रस्त्यावरच्या दुकानातल्या, सहा मिलिमीटर जाडीच्या. नवा टीव्ही ज्या पांढऱ्या फोममध्ये गुंडाळून येतो, त्याच्याच घराण्यातल्या. टीव्हीला खालून थंडी वाजत नाही आणि त्याला कमरेचं हाडही नसतं, हे आम्ही लक्षात घेतलं नव्हतं.

माणूस पाठीवर झोपतो असा चटई करणाऱ्यांचा समज दिसतो. मी कुशीवर झोपतो. कुशीवर झोपलं की सगळा देह खांदा आणि कमरेचं हाड या दोन खात्यांवर जमा होतो. डावी कूस अर्धा तास, उजवी कूस वीस मिनिटं, पुन्हा डावी पंधरा मिनिटं असं करत पहाट झाली. वर स्लीपिंग बॅग होती, तरी खालून थंडी यायची ती यायचीच. त्याचं कारण नंतर समजलं, आणि ते आपल्या पिंजाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कापूस पिंजून फुलवायचा तो त्यात हवा अडकावी म्हणून. ऊब त्या अडकलेल्या हवेची. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली चिरडला जातो त्यातली हवा जाते, आणि हवेबरोबर ऊबही जाते. मग खालचा कातळ रात्रभर शांतपणे तुमची उष्णता पीत बसतो. म्हणजे गादी ही चैन नव्हे. ती खालचं पांघरूण आहे!

पहाटे उठून पाहिलं तर हेड कॅशियर भिंतीला टेकून बसलेला, गुडघे पोटाशी, डोळे उघडे. म्हटलं, “झोप झाली?” तो म्हणाला, “मस्त.” उतरताना खिंडीच्या वरच्या कातळावर त्याचा पाय सरकला. मागच्या पोरानं सॅकचा पट्टा धरला म्हणून बरं. तो पोरगा हसला, आम्हीही हसलो. पण हेड कॅशियरचा हात रेलिंगवर किती घट्ट होता ते मी पाहिलं होतं. त्यानंतर तो आला नाही. विचारलं की “गुडघे,” म्हणायचा. पंचवीस हजारांच्या नोटा मोजताना ज्याची एक चुकत नाही तो माणूस, आणि त्याचं हे एक उत्तर मला कधी टॅली झालं नाही.

माझी मात्र जिरली नव्हती. मी चांगली गादी घ्यायला दुकानात गेलो, आणि गटातली दोन पोरं सल्ल्याला बरोबर नेली. ही चूक. ही पोरं ग्रॅमपंथी. या पंथाची दीक्षा घेतली की माणूस टूथब्रशची मूठ कापतो. मी हसलो नाही, घरी येऊन मीही कापली. दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवर गर्दी नसताना ती सोनेतारणाच्या तराजूवर ठेवली (हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर जाऊ नये). सात ग्रॅम भरली. सराफांनी गंभीरपणे विचारलं, “किती कॅरेट?”

तर दुकानात. तिथे दुकानदारानं ‘आर-व्हॅल्यू’ समजावून सांगितली, आणि या एका गोष्टीसाठी मी त्याला दुवा देतो. गादी खालची थंडी किती अडवते त्याचा हा आकडा. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपल्या मनानं मोजायची, म्हणजे प्रत्येकाचा ताळेबंद त्यानं स्वतःच ऑडिट केलेला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेनं मोजणीची एकच रीत ठरवून दिली, तेव्हापासून त्या रीतीनं मोजलेल्या गाद्यांची तुलना तरी करता येते. चांगल्या घडीच्या फोमची आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दोन-तीन पुरे. बर्फात झोपायचं तर चार-पाच हवी. आणि सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे एकावर एक दोन चटया अंथरल्या की दोघींच्या आर-व्हॅल्यूची सरळ बेरीज होते. बी.कॉम.च्या तीन वर्षांत इतकं प्रामाणिक गणित माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

पण पोरांचं लक्ष आर-व्हॅल्यूकडे नव्हतंच. त्यांनी हवा भरायच्या दोन गाद्या काढल्या. एक ३८० ग्रॅमची, पायाकडे निमुळती, इजिप्तच्या ममीला बेताची होईल अशी. दुसरी चांगली रुंद, चौकोनी, जाड कापडाची, ६३० ग्रॅमची. फरक पाव किलोचा. “काका, पाव किलो म्हणजे लई झालं!” मी ३८० वाली घेतली. साडेसहा हजार रुपये. घरी पावती पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, एवढ्यात कापसाच्या दोन गाद्या आल्या असत्या, आणि पाहुण्यांना कामाला आल्या असत्या.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

त्या गादीचं चरित्र थोडक्यात सांगतो. फुंकून फुगवताना तिसाव्या फुंकरीला डोळ्यांपुढे काजवे आले. वर झोपून कूस बदलली की आतल्या चकाकत्या पडद्यांचा असा आवाज व्हायचा की शेजारचा झोपेत म्हणाला, “एकटाच वेफर्स खातोस काय रे?” गुहेची जमीन जरा उतरती. नायलॉनच्या गादीवर नायलॉनची बॅग म्हणजे घसरगुंडीच. दर तासाला मी लीडरच्या पायांशी जाऊन लोटांगण घालत होतो. आणि रात्री अडीच वाजता कमरेचं हाड हळूहळू, सन्मानानं, कातळावर टेकलं. करवंदीचा एक काटा. एवढासा.

खरी गोम कापडात होती. कापडाच्या धाग्याला डेनिअर नावाचं माप असतं: नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. माझ्या गादीचं कापड वीस डेनिअर. म्हणजे माझ्या घरापासून शाखेपर्यंत पुरून वर उरेल एवढा लांब धागा, आणि त्याचं वजन कापलेल्या तीन टूथब्रशांइतकं. तो करवंदीपुढे काय टिकणार? घरी बादलीत बुडवून भोक शोधलं, आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गादी घेऊन गेलो. त्यानं ती उलटीसुलटी केली आणि विचारलं, “कुठल्या गाडीची आहे?”

यानंतर मी शांतपणे हिशेबाला बसलो. माझी भरलेली सॅक साडेनऊ किलो. त्यात पाव किलो वाढला तर भार पावणेतीन टक्क्यांच्या आतबाहेर वाढतो. मग केमिस्टकडच्या काट्यावर उभा राहिलो. गेल्या दिवाळीपासून माझं स्वतःचं वजन चार किलोंनी वाढलं होतं. हे चार किलो मी तोलार खिंड विनातक्रार चढवत होतो, त्यांची आर-व्हॅल्यू बघितली नव्हती की किंमत विचारली नव्हती. आणि पाव किलोसाठी मात्र रात्र कातळाला गहाण टाकली होती! ग्रॅमपंथी पोरांचं पोट सपाट असतं, त्यांना वाचवायला दुसरं काही नसतं, म्हणून ती टूथब्रशकडे वळतात. आपण त्यांच्या मागे जाण्याचं कारण नाही. शिवाय घसाऱ्याचं पाहा. वर्षाला सहा मुक्काम, आणि नीट वापरली तर जाड कापडाची गादी पाच वर्षं जाईल असं धरलं, तर रात्रीमागे दोन-अडीचशे रुपये पडतात. पातळ गादी एका रात्रीत शून्यावर आली. तिला कुठल्याही पद्धतीनं घसारा काढा.

एवढं झाल्यावर मी जाड गादी घेतली आणि आमच्या लीडरच्या तोंडी सापडलो. हा दुसरा पंथ, कातळपंथ. यांना ग्रॅमशी देणंघेणं नाही. यांना गादीचाच राग. “काका, मावळे गाद्या घेऊन गड चढले का?” असं त्यानं भर गुहेत विचारलं. वीस पोरं हसली.

मी त्या वेळी गप्प बसलो, म्हणून इथे उत्तर देतो. गादी नसेल, पण मावळ्याच्या खांद्यावर घोंगडी असायची. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर आणि रात्री अंगाखाली. चांगल्या घोंगडीचं वजन सहज दोन किलोंच्या वर जातं. ते वाचवायला तिचे काठ कापले असं कुठल्या बखरीत लिहिलंय का? ज्याला सकाळी उठून खरोखर काही करायचं असतं तो झोपेची सोय आधी बघतो. आणि तिकडे अमेरिकेत १९७० नंतरच्या मंदीत बोईंगमधून नोकरी गेलेले दोन इंजिनियर काय करत बसले? फोम आणि हवा मिळून आपोआप फुगणारी गादी. विमानं करणारी माणसं! त्यांना गादीची लाज वाटली नाही.

कातळपंथाचा माझा राग विनोदाचा नाही, हे आता सांगूनच टाकतो. दगडावर झोपण्यात पराक्रम आहे असं एकदा ठरलं की ज्याला झोप येत नाही तो ते बोलत नाही. तो “मस्त” म्हणतो. रात्र भिंतीला टेकून काढतो, सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी कातळ उतरतो, आणि पुढच्या वेळी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहतो. गटात चाळिशीच्या पुढचं कोणी का टिकत नाही, याची चर्चा हे लोक दरवर्षी करतात. लीडरसाहेब, आपण पंचविशीचे आहात. आपल्या कमरेचं हाडही एक दिवस आपल्याशी बोलायला लागेल.

माझी सध्याची व्यवस्था अशी: ६३० ग्रॅमची गादी, आणि तिच्याखाली तीच जुनी टीव्ही घराण्यातली चटई, कंबरेपर्यंत कापून. चटई काटे अडवते, गादी घसरू देत नाही, आर-व्हॅल्यूत आपला वाटा घालते, आणि दुपारी जेवायला बसताना एकटीच काढता येते. फुगवायला फुंकर नाही, पिशवीनं हवा भरायची. त्यानं तोंडातली वाफही आत जात नाही आणि काजवेही दिसत नाहीत. वजन वाढलं म्हणून मी चकल्या निम्म्या केल्या. (चकल्या घरूनच निम्म्या मिळाल्या, पण ते असो.)

गेल्या दुसऱ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी मी सॅक घेऊनच शाखेत गेलो होतो. कॅश जुळली, तिजोरी लागली, मंडळी गेली. हेड कॅशियर सॅककडे बघत उभा. मी काही न बोलता रेकॉर्ड रूममध्ये जुन्या लेजरांच्या दोन रांगांमध्ये चटई अंथरली, वर गादी फुगवली. म्हटलं, “पड.”

“वेडा आहेस का? शाखेत?”

“पड रे. कुशीवर.”

तो चपला काढून आडवा झाला. डावी कूस. मग उजवी. कमरेखाली हात घालून फरशी लागते का पाहिलं. “त्या रात्री,” छताकडे बघत तो म्हणाला, “मी एक मिनिटसुद्धा झोपलो नव्हतो. तुम्ही सगळे घोरत होतात.”

“मीही नव्हतो झोपलो,” मी म्हटलं.

“मग बोलला का नाहीस?”

“तू ‘मस्त’ म्हणालास.”

यावर तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर चष्मा डोळ्यांवर तसाच होता आणि श्वास संथ लागला होता. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात आला. मी त्याला हातानंच खूण केली, जरा दहा मिनिटं थांब.