आधारची प्रत किती दिवस ठेवायची?

सरकारी दप्तरात कोणता कागद किती दिवस जपायचा हे ठरलेले असते. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘ड’ फार तर वर्षभर. निजामकाळातली दप्तरे टिकली, म्हणूनच 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीला मराठवाड्यात कुणबी नोंदी धुंडाळता आल्या. उदगीरमधल्या खासगी शिकवण्या, लॉज, मोबाइल दुकाने यांना मात्र असा वर्ग कोण लावणार? चौकशी करून निघून गेलेल्या मुलीचा फोटो, वडिलांचा नंबर, आधारची प्रत संगणकात पडूनच राहते. हे थांबलेच पाहिजे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 हेतू संपताच माहिती पुसायला सांगतो. नोव्हेंबर 2025 च्या नियमांनी बड्या खरेदी-संकेतस्थळांना, ग्राहक तीन वर्षे फिरकला नाही तर माहिती पुसण्याची मुदत घातली. आधी 48 तासांची सूचनाही. ही बंधने नियम जाहीर झाल्यापासून 18 महिन्यांनी लागू होतील. तोवर थांबायचे कशाला? माहिती भरतानाच पुसण्याची तारीख टाकावी, ते काम यंत्राने आपोआप करावे. वाद किंवा तक्रार चालू असलेली नोंद तेवढी वगळावी. आणि पेनड्राइव्हवरची, व्हॉट्सॲपवरची प्रतही त्याच दिवशी जावी.