क्रांतिदिन, मावळ आणि चौथीतला एक प्रश्न



९ ऑगस्टला आपण सगळेच शाळेत क्रांतिदिन साजरा करतो. १९४२ साली याच दिवशी पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि आपल्या पुण्यातल्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं गेलं, हे मी चौथीला सांगत होते. तेवढ्यात एक मुलगा उठला. "बाई, माझे आजोबा मावळातले. ते म्हणतात, आमच्याकडे पण ९ ऑगस्टलाच गोळीबार झाला. पण तेव्हा इंग्रज कुठे होते?"

त्याच वर्गात एका पोलीसदादांची मुलगी आहे. तिने मान खाली घातली. मला पटकन उत्तर सुचलं नाही.

घटना २०११ ची. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध म्हणून शेतकऱ्यांनी बऊरजवळ पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग अडवला. दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले, त्यात एक महिला.

मधल्या सुट्टीत यावर आमच्यातच दोन गट पडले. एक सर म्हणाले, "रस्ता अडल्यावर रुग्णवाहिकेतल्या पेशंटला हक्क नाही का? दगड अंगावर आल्यावर पोलिसांनी काय करायचं?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "अर्ज-विनंत्या करून कोणी ऐकत नाही, म्हणूनच माणूस रस्त्यावर येतो ना?"

दोन्ही म्हणणी खोटी नाहीत. संविधानाच्या कलम १९ ने शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिलाय आणि त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभाही दिलीय. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये सांगितलंय.

पण माझं मत स्पष्ट आहे. कोणीतरी दगड मारला म्हणून बाकीच्या सगळ्यांचा जगण्याचा हक्क संपत नाही. दगड मारणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. पण बळ वापरायचं तर कमीत कमी, आणि गोळी चालली तर सरकारने जाब दिलाच पाहिजे. सरकार आपलं आहे म्हणून तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एवढंच म्हणाले, "पोलीस आपलेच, शेतकरीही आपलेच. म्हणूनच प्रश्न विचारायचा." मग विचारलं, "आपल्या कोथरूडच्या नळाला पाणी कुठून येतं?" "खडकवासला!" सगळे ओरडले. "आणि धरणाखाली कोणाची शेतं गेली?" वर्ग गप्प झाला.

पालकहो, आज रात्री जेवताना हाच प्रश्न घरी विचारून बघा. पोलीस चांगले की वाईट, हे मात्र मुलांना ठरवून देऊ नका.