डबा मुलांनी फिरवायचा, तर वहीही मुलांचीच हवी



जखमी आणि बेवारस जनावरांच्या निवाऱ्यासाठी शाळकरी मुलांनी पैसे जमवावेत का, यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. कुणाला त्यात संस्कार दिसतो, कुणाला पालकांच्या खिशावरचा आणखी एक भार. माझे म्हणणे असे, की मुलांना पैसे जरूर जमवू द्यावेत, पण त्या पैशाच्या हिशोबाची वहीही त्यांच्याच हाती द्यावी. ते जमणार नसेल, तर डबा फिरवूच नये. शाळांत पैसे आधीही जमवले गेले आहेत: 1949पासून 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्याची तिकिटे वर्गावर्गांत वाटली गेली, मुलांनी घरून नाणी आणली. हेतू उत्तमच. पण त्या नाण्यांचे पुढे काय झाले, हे मुलांना सहसा कुणी सांगत नाही. देणे तेवढे शिकवले, विचारणे राहून गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांची रीत वेगळी होती. दुधगावच्या वसतिगृहाच्या कामात ते होते, 1919 साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, आणि मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहे चालवली. तिथली मुले स्वयंपाकापासून शेतकामापर्यंत स्वतः राबत. आपण खातो ते कुठून येते आणि त्याला काय पडते, हे त्यांना कुणी वेगळे शिकवावे लागले नाही.

आता जनावरांचे गणित पाहा. 2019च्या दुष्काळात माण-खटाव, जत-आटपाडीसारख्या तालुक्यांत चारा छावण्यांची चर्चा घरोघर होती. छावणीतल्या मोठ्या जनावरामागे शासन दिवसाला 90 रुपये देई, मे महिन्यात ते 100 केले. चाळीस मुलांच्या वर्गाने प्रत्येकी दहा रुपये दिले, तर त्या जुन्या दराने एक बैल चार दिवस जगतो, तोही औषधपाणी न धरता. हा आकडा मुलांनी स्वतः फळ्यावर मांडला, की पुढचा प्रश्न आपोआप येतो: पाचव्या दिवशी काय? आणि मुळात जखमी बैल निवाऱ्यापर्यंत येतो कसा? सांगलीत 2003पासून ‘अॅनिमल राहत’ ही संस्था साखर कारखान्यांच्या ऊसवाहतुकीतल्या बैलांसाठी काम करते. नुसते उपचार करून ती थांबत नाही, गाडीऐवजी ट्रॅक्टर यावा म्हणूनही धडपडते. ओझ्याच्या जनावरांबाबत 1965चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांवर विश्रांतीविना नाही, पारा 37 अंशांपुढे जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. गळीत हंगामात रस्त्यावर उभे राहिले, तर हे नियम कितपत पाळले जातात ते सातवीतल्या मुलालाही दिसेल. मात्र गाडीवानाला खलनायक ठरवू नये. तोही उचल घेऊन आलेला, खेपेवर पोट असलेला माणूस असतो. हेही त्या वहीत लिहिले गेले पाहिजे.

यावरचा पहिला आक्षेप नेहमीचा: माणसांचे भागत नाही, तिथे जनावरांचे काय? पण दुष्काळी पट्ट्यात हे दोन प्रश्न वेगळे नसतातच. दावणीचे जनावर विकावे लागले, की त्या घराची पुढच्या हंगामाची शेतीच अडते. सक्तीचा आक्षेप मात्र खरा आहे. गरीब घरच्या मुलाचे नाव ‘शून्य रुपये’ म्हणून वाचले जात असेल, तर तो उपक्रम तत्काळ बंद करावा. बंद डबा ठेवावा, नावे लिहू नयेत, वर्गावर्गांत चढाओढ लावू नये. पैशाऐवजी कडब्याची पेंढी आणि जुनी पोतीही चालावीत. आणि मुलांना भटक्या कुत्र्यांना हात लावायला नेऊ नये; रेबीज हा भावनेचा विषय नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हे काम सरकारचे आहे. मान्य. 2001च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असली पाहिजे, आणि तिच्या रुग्णालयाला व निवाऱ्याला राज्य सरकारने जागा दिली पाहिजे. मुलांच्या नाण्यांमुळे प्रशासनाला अंग काढून घेता येईल, ही भीती तेव्हाच खरी ठरते, जेव्हा मुलांना फक्त नाणी आणायला सांगितले जाते. म्हणून डब्याबरोबर एक अर्जही जाऊ द्या. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना मुलांनी विचारावे: आमच्या जिल्ह्यातल्या सोसायटीला जागा कुठे दिली, तिथे पूर्णवेळ पशुवैद्य आहे का, गेल्या वर्षी खर्च किती झाला? मुख्याध्यापकांनी त्यावर शाळेचा शिक्का मारावा आणि पोच घेऊन यावे.

— एक वाचक, कराड