मैदानावरच्या लेकरांसाठी एक माठ

राणीसावरगावच्या समस्त गावकरी मंडळींना कळकळीची विनंती.

पहाटे पाचला गंगाखेडच्या रस्त्याला पळणारी पोरं-पोरी तुम्ही रोज बघता. कुणी पोलीस भरतीची तयारी करतंय, कुणी अग्निवीरची, कुणाला शाळेच्या कबड्डी नाहीतर खो-खोच्या संघात जागा हवीय. शेजारच्या बीड जिल्ह्यातला मांडव्याचा अविनाश साबळे ऑलिंपिकपर्यंत पळाला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. सोळा-सतरा वर्षांची ही लेकरं रात्री आठला जेवलेली असतात. उठली की बूट चढवून निघतात आणि घरी परतेपर्यंत पोटात पाण्याचा घोटही जात नाही.

पळताना पाणी पिऊ नको, पोटात चमक निघते, असं त्यांना आपणच सांगितलंय. खेळाचा शिक्षक म्हणून मीही कितीतरी वर्षं हेच सांगत आलो. ते चूक होतं. चमक निघते ती तांब्याभर पाणी एकदम घटाघटा प्यायल्यावर. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-सहा घोट घेतले तर काही होत नाही. उलट पाणी तुटलं की रक्त घट्ट होतं, काळजाला जास्त जोर लावावा लागतो, घाम आटतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. पन्नास किलोच्या पोराचं पळता पळता एक किलो वजन उतरलं, तर ते जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि तेवढ्यानंही त्याचा वेग पडतो. खात्री करायची तर पळायच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं करून बघा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. ऑगस्ट 2024 मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान डझनभर तरुण उमेदवार दगावले. कारणं वेगवेगळी सांगितली गेली, पण ती आपल्या पोरांसारखीच गरीब घरची, नोकरीसाठी जिवाच्या आकांतानं पळणारी लेकरं होती. ती बातमी वाचल्यापासून मला चैन नाही.

उपाय महाग असता तर मी हे लिहायला धजलो नसतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, वर लिंबू पिळायचं. 1971 मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्यावर हजारो माणसं जगवली. मीठ मात्र अंदाजपंचे टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. तासाभराच्या आतला सराव असेल तर नुसतं पाणी पुरतं. घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक द्या, ज्वारीची आंबील द्या.

किराणा आणि पानटपरीवाल्या भावांना हात जोडून सांगणं आहे. डबाबंद एनर्जी ड्रिंकवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की ते मुलांसाठी नाही. तेवढं वाचा आणि शाळकरी पोरानं मागितलं तर देऊ नका. ओआरएसची पुडी मात्र दुकानात जरूर ठेवा. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बंदी घातलीय. प्रोटीन पावडरच्या डब्यासाठी एखादा बाप हजारो रुपये उसने काढायला निघाला असेल, तर त्याला थांबवा. तेवढ्या पैशांत महिनोन्‌महिने अंडी, दूध, हरभरा येतो.

निघायच्या अर्धा तास आधी एक केळ, नाहीतर मूठभर फुटाणे-गूळ. आल्यावर तासाभरात पोटभर न्याहारी: धपाटं-दही, भाकरी-पिठलं, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं. ज्वारी खाल्ली की अंग जड होतं असं पोरांच्या डोक्यात कुणी भरवलं, कळत नाही. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेच्या साथीनं 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण आणला. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण 30 मिलिग्रॅम लोह असतं, यात 45 च्या आसपास. घरच्या खाण्यापुरता तरी तो पेरून बघा.

हे लोह सगळ्यात आधी लागतं ते मुलींना, आणि माझा जीव इथंच जास्त तुटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. आठशे मीटरला तिचा दम तुटतो तेव्हा आपण म्हणतो, पोरीत जिद्दच नाही. माय-माऊल्यांनो, पळून आलेल्या लेकीला आधी जेवू घाला, झाडलोट-धुणं नंतर. अंडं भावाच्या ताटात पडलं तर तिच्याही ताटात पडू द्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, विचारा. गोळीवर आणि जेवणावर लगेच चहा नको, लिंबू चालेल.

सराव घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात साडेसातच्या आत मैदान रिकामं करावं. पोरगं बरळायला लागलं, झोकांड्या खाऊ लागलं तर आधी सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

शेवटची मागणी मैदानाच्या कडेला रोज एका माठाची. सोबत झाकण, ओगराळं आणि साखर-मिठाचं पाणी करायला एक वेगळी घागर. घरटी पाळी लावली तर एका घराला महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच पाणी आणावं लागेल. टँकरच्या दिवसांतही तेवढं निघेल. येत्या सोमवारी पहाटे पहिला माठ मी आमच्या घरून आणतोय. मंगळवारपासून कुणाची पाळी, ते तिथंच ठरवू. साडेचारला या.

आपला,
गावातला एक निवृत्त क्रीडाशिक्षक