एक रंग, तीन भाव

हापूसची फोड उन्हात धरून पाहिलीय कधी? पिवळा म्हणावा तर नुसता पिवळा नाही, केशरी म्हणावा तर झेंडूसारखा भडक नाही. नेमका हाच रंग सफायरमध्ये मिळतो. हो, सफायर! नीलम निळा असतो एवढ्यावरच ज्यांची गाडी थांबलीय, त्यांच्यासाठी थोडी वंशावळ: माणिक, नीलम आणि पुष्कराज ही एकाच घरातली भावंडं. खनिज एकच, कोरंडम. लाल झाला की माणिक, निळा झाला की नीलम, पिवळा झाला की पुष्कराज. आणि हा आपला हापूस? त्याला कुणी केशरी पुष्कराज म्हणतं, कुणी ऑरेंज सफायर. त्यात जरा गुलाबी झाक दिसली रे दिसली, की दुकानदार आवाज खाली आणून म्हणतो, ‘मॅडम, हा पदपराद्शा आहे.’

हा शब्द आपल्याच ‘पद्मराग’वरून आलेला. गंमत अशी, की आपल्याकडे पद्मराग म्हणजे माणिक, आणि श्रीलंकेत त्याच शब्दाचा प्रवास होता होता तो गुलाबी-केशरी सफायरला चिकटला. २०१८च्या जानेवारीत ब्रिटनच्या प्रिन्सेस युजिनीने साखरपुड्याची अंगठी दाखवली, त्यात हाच खडा होता. मग काय, ज्यांना उच्चार जमत नव्हता त्यांनाही तो हवासा वाटू लागला.

माझ्या टीममधली एक मैत्रीण त्यातलीच. साखरपुडा ठरला, बोनस हातात पडला आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, ‘हिरा सगळ्यांकडेच असतो, मला हटके हवं.’ दोन दुकानांत दोन खडे पाहून आली. दोन्ही दोन कॅरेटच्या आसपास, रंग जवळजवळ सारखा. एकाची किंमत तिच्या महिन्याच्या पगाराच्या आत, दुसऱ्यासाठी बोनसबरोबर एफडीही मोडावी लागणार. ‘महागडा नुसता हीटेड आहे, स्वस्तातला बेरिलियमवाला आहे, असं म्हणतायत. म्हणजे नक्की काय गं?’

मी सरळ मामाला फोन लावला. मामाने झवेरी बाजारात तीस वर्षं खड्यांची दलाली केलीय. त्याचं पहिलं वाक्य, ‘रंग डोळ्याने पसंत कर, पण पैसे रिपोर्ट वाचून दे.’

आता हे बेरिलियम प्रकरण जरा नीट समजून घेऊ, कारण सगळा खेळ इथेच आहे. खडा तापवणं ही चोरी नाही. श्रीलंकेत शेकडो वर्षं कोळशाच्या आगीत, फुंकणीने हवा घालत खडे भाजले जातात. १९७०च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी तिथले दुधट, कवडीमोल ‘गेउडा’ दगड नेले आणि भट्टीत घालून त्यांचे निळेशार नीलम केले. आज बाजारातले बहुतेक सफायर भट्टीतून आलेले असतात. आपण कॉफीचे दाणे भाजतोच की! खड्यात जे मुळात आहे तेच उष्णता बाहेर काढते. म्हणून ‘हीटेड’ खड्याला मान आहे, ‘अनहीटेड’ला त्याहून कितीतरी जास्त.

पण २००१च्या सुमारास थायलंडच्या चंथाबुरीतून केशरी खड्यांचा जणू पूर आला. विशेषतः जपानच्या बाजारात. इतके दुर्मिळ खडे एकदम इतके कुठून उगवले? जानेवारी २००२मध्ये अमेरिकेतल्या एजीटीए या व्यापारी संघटनेने इशारा दिला आणि हळूहळू भांडं फुटलं. मादागास्कर आणि टांझानियाचे फिके, गुलाबी खडे १८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तासन्‌तास तापवले जात होते आणि मुशीत त्यांच्यासोबत बेरिलियम असलेलं क्रिसोबेरिल हे खनिज होतं. कोरंडम वितळतो २०५० अंशांच्या आसपास, म्हणजे त्याला अगदी उंबरठ्यापर्यंत नेऊन उभं करायचं. बेरिलियमचा अणू इवलासा. तो अशा उष्णतेत खड्यात शिरतो आणि आत पिवळा रंग तयार करतो. गुलाबीत पिवळा मिसळला की काय होतं, हे ज्याने शाळेत रंगपेटी वापरलीय त्याला सांगायला नको.

म्हणजे इथे रंग बाहेरून आणलेल्या मूलद्रव्यामुळे आला. खडा खरा, सफायर खरा, रंगही टिकाऊ. फक्त तो निसर्गाने दिलेला नाही. म्हणूनच तोच हापूस रंग तीन भावांत मिळतो: न तापवलेला, नुसता तापवलेला आणि बेरिलियमवाला. पहिल्याच्या पैशात तिसऱ्याचं अख्खं ताट येईल.

सुरुवातीच्या खड्यांत एक खूण सापडायची. खास द्रवात बुडवला की कडेने केशरी किनार दिसायची. नंतर कारागीर हुशार झाले, रंग आरपार जाऊ लागला आणि किनार गायब. आता दहापटीच्या भिंगाने तापवल्याच्या खुणा कळू शकतात, बेरिलियमचं मात्र खात्रीने सांगता येत नाही. दशलक्षात काही भाग एवढं ते असतं. त्यासाठी लेझरने केसाहून बारीक कण उडवून तपासणारी मशिन लागतात. प्रत्येक लॅबकडे ती नसतात. म्हणून प्लॅस्टिकच्या चकचकीत कार्डावर ‘नॅचरल सफायर’ एवढंच छापलं असेल तर हुरळू नका. बेरिलियमवाला खडाही नॅचरल सफायरच असतो! पैसे भरण्याआधी लॅबला एकच प्रश्न विचारा: बेरिलियमची टेस्ट करता का?

अजून एक भानगड आहे. फिक्या खड्यावर किरणांचा मारा करूनही पिवळा-केशरी रंग आणता येतो, पण तो उन्हात उडून जातो. आणि गेल्या दहा वर्षांत मादागास्करमध्ये असेही खडे निघाले, ज्यांचा नैसर्गिक केशरी रंगच काही दिवसांत फिका पडायचा. तेव्हापासून मोठ्या लॅब पदपराद्शाचं नाव देण्याआधी रंग टिकतो का, तेही तपासतात.

आता कट. मामा म्हणतो, लोक रंगाला भुलतात आणि पैसे पोटाला देतात. किंमत वजनावर, त्यामुळे पैलू पाडणारा शक्यतो वजन सोडत नाही. खालून ढब्बू पोट ठेवतो, जे कोंदणात दिसतच नाही. उलट खडा उथळ असेल तर उजेड परत वर येण्याऐवजी खालून निसटतो. छापील कागदावर ठेवा आणि वरून पाहा. मधोमध अक्षरं वाचता येतायत? मग ती खिडकी आहे, खडा नव्हे. शिवाय आडवा धरून पाहा. श्रीलंकेच्या खड्यांत कधी रंगाचा एकच ठिपका असतो, तो कारागीर बरोबर खालच्या टोकाशी ठेवतो. वरून हापूस, बाजूने पाणी. ही फसवणूक नाही, कसब आहे. पण तुम्हाला माहीत असायला हवं. आणि हे सगळं दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली नाही, दाराशी येऊन, दिवसाच्या उजेडात. त्या दिव्यांखाली लिंबूसुद्धा केशरी दिसतं.

ज्योतिषाच्या सांगण्यावरून घेणाऱ्यांसाठी जाता जाता: ‘सव्वापाच रत्ती’ म्हणजे किती ते दुकानदाराकडून कॅरेटमध्ये लिहून घ्या. जुनी सोनारी रत्ती साधारण ०.६ कॅरेटची, खड्यांच्या बाजारातली ०.९ कॅरेटची. सव्वापाच रत्तीमागे दीड कॅरेटचा फरक! गुरू बळकट होईल तेव्हा होईल, खिसा आधी हलका होतो.

असो. मैत्रिणीने महागड्या खड्याच्या दुकानदाराला सांगितलं, ‘टोकन देते, पण रिपोर्ट माझ्या पसंतीच्या लॅबचा. नुसता हीटेड निघाला नाही तर टोकन परत.’ त्याने तोंड वाकडं केलं, पण बिलावर तसं लिहून दिलं. स्वस्तातलाही तिने सोबत तपासायला टाकला. आठवडाभर आमच्या ऑफिसात वर्ल्ड कपच्या फायनलसारखं टेन्शन.

दोन्ही रिपोर्टांत बेरिलियम.

दुकानदार म्हणाला, ‘आम्हालाही मागून तसंच सांगितलं होतं.’ असेलही. ही साखळी चंथाबुरीपासून सुरू होते आणि प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो. बिलावरच्या त्या एका ओळीमुळे टोकन मुकाट्याने परत मिळालं. एफडी वाचली. मैत्रिणीने मग स्वस्तातलाच खडा घेतला, कारण त्याच्या दुकानदाराने पहिल्या दिवशीच खरं सांगितलं होतं आणि खिडकीही नव्हती. तो पदपराद्शा नाही, हे ती विचारणाऱ्याला स्वतःहून सांगते.

अंगठी सध्या कारागिराकडे आहे. मामाच्या सांगण्यावरून कोंदण मागून उघडं ठेवलंय, म्हणजे उजेडही खेळेल आणि सासूबाईंच्या मते खडा बोटालाही लागेल. त्यांचं आता एकच म्हणणं आहे, पुष्कराज गुरुवारीच घालायचा. साखरपुडा रविवारी आहे.